रांगेची कैफियत

अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून एक तक्रार वारंवार कानी पडू लागली आहे. नावाजलेल्या जुन्या उपाहारगृहात जाण्याची आता सोय राहिली नाही. जावे तो दारात पन्नास माणसे उभी. तास-दीड तास तिष्ठल्यावर जे पुढ्यात येते ते असे काय मोठे अमृत असते? इतकी वर्षे गल्ला भरूनही मालकास शेजारचा गाळा घेऊन चार टेबले वाढविण्याची बुद्धी होऊ नये, हा माजोरीपणा नव्हे काय? तक्रारीचा मजकूर सर्वत्र हाच. दुकान मात्र निराळे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९३५ पासून चालत आलेले गुडलक, फर्ग्युसन रस्त्यावरील वैशाली, नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातील बेडेकरांची मिसळ, लष्कर भागातील १९५५ सालची कयानी बेकरी, मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटीतील १९२३ सालचे ब्रिटानिया, अशी ज्या ठिकाणांची नावे घरोघर ठाऊक आहेत, त्यांच्या दारी जाणाऱ्याने पाय दुखण्याची तयारी ठेवूनच जावे, हे आता सर्वमान्य झाले आहे.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील कुरुळीसारख्या गावी ही तक्रार अधिक तीव्र असते, आणि तिला सबळ कारणही आहे. या भागातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी. मुलांच्या शाळांची रविवारी. सबंध कुटुंबाने मिळून पुण्यास जावे असे दिवस वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवशी सकाळी लवकर आवरून निघावे, तर चिंबळी फाट्यापासून मोशी, भोसरी, नाशिक फाटा अशी वाहनांची एक रांग. आणि ती ओलांडून पेठेत पोहोचावे, तर दुकानाच्या दारात माणसांची दुसरी. चाकणचा लहानसा भुईकोट घेण्यास १६६० साली शाएस्तेखानास सुमारे दोन महिने तिष्ठावे लागले होते, हे या भागातील प्रत्येक मुलाने वाचलेले असते. एका मिसळीसाठी इतकी चिकाटी आपणांपाशी नाही, असे कोणी विनोदाने म्हटले तर त्यास दोष देता येणार नाही.

तेव्हा तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. चांगले अन्न थोडे आणि खाणारे पुष्कळ, अशी स्थिती आली म्हणजे ते कोणास मिळावे हे कोणत्या तरी रीतीने ठरवावेच लागते. अशा जेवढ्या रीती मनुष्यास माहीत आहेत, त्यांत रांग ही सर्वांत कमी अन्यायाची रीत होय, असा आमचा पक्ष आहे. ज्यांना ती नकोशी वाटते त्यांनी तिच्या जागी काय हवे हे स्पष्ट सांगावे. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांच्यापुढे तीनच मार्ग आहेत, आणि तिन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला मार्ग किंमत वाढविण्याचा. मिसळीची किंमत उद्या सकाळी पाचपट करा; दुपारपर्यंत दारातील गर्दी निम्म्याहून कमी झालेली दिसेल. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या उपायाची मोठी वाखाणणी असते, आणि कागदावर तो निर्दोष दिसतो. परंतु रांगेतून जी माणसे नाहीशी झाली ती कोण, हे पुस्तक सांगत नाही. वसतिगृहातील विद्यार्थी गेला, कचेरीतील कारकून गेला, कुरुळीहून दोन मुलांना घेऊन आलेला कामगार गेला. उरला तो ज्याला पाचपट किंमत जाणवत नाही असा गृहस्थ. त्याची रांग संपली खरी; इतरांचे मात्र खाणेच संपले. मिसळ ही मूळची कष्टकऱ्याची न्याहारी. ती कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेर नेऊन सुखवस्तू माणसाचे पाय वाचवावयाचे, यास सुधारणा म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागेल. रांगेत उभ्या राहणाऱ्यास जे मोजावे लागते ते काळाच्या रूपाने. आणि काळ हे असे नाणे आहे की ते श्रीमंताच्या खिशात गरिबापेक्षा अधिक नसते. दिवसाचे तास दोघांनाही चोवीसच.

येथे कोणी म्हणेल की, हे समीकरण सरळ नाही. ज्याला आठवड्यात एकच मोकळा दिवस आहे, त्याचा तास पेन्शनरच्या तासापेक्षा महाग असतो. हा आक्षेप योग्य आहे, आणि आम्ही तो टाळू इच्छीत नाही. म्हणूनच रांग संपूर्ण न्यायाची आहे असे न म्हणता ती सर्वांत कमी अन्यायाची आहे, एवढेच आम्ही म्हटले. मोकळ्या दिवसांची विषमता मोठी खरी, पण पैशाच्या विषमतेपुढे ती काहीच नव्हे. एक दिवस मोकळा असणारा आणि सात दिवस मोकळा असणारा यांच्यात सातपट अंतर. पैशाच्या बाबतीत हे अंतर किती पट असते, हे ज्याचे त्याने आपल्या गावात पाहावे.

दुसरा मार्ग विस्ताराचा. चाकण भागातील इंजिनियर मंडळींस हा फार प्रिय असतो, आणि ते साहजिक आहे. ज्या ठिकाणी काम अडते ते हेरावे, तेथे यंत्र वा मनुष्य वाढवावा, आणि माल अखंड बाहेर पडत राहावा, ही त्यांची रोजची विद्या. या विद्येच्या जोरावर त्या माळरानावर दुचाक्या आणि मोटारी निर्माण होऊ लागल्या, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु प्रत्येक पदार्थ या विद्येच्या कक्षेत येत नाही. चितळे बंधूंची बाकरवडी यंत्रावर होते, डब्यात भरता येते आणि परगावीही जाते. कारण ती कोरडी असून काही दिवस टिकते. तेथे विस्तार झाला, शाखा निघाल्या, आणि ज्याच्यावर पुणेकरांनी इतके विनोद केले ते दुपारचे एक ते चार दुकान बंद ठेवणेही २०१७ साली संपले. त्यात काही बिघडले असे आम्हांस वाटत नाही. परंतु मिसळीचे तसे नाही. उसळ, पोहे, बटाट्याची भाजी, शेव-फरसाण, कांदा आणि त्यावर तो कढत रस्सा, हे सर्व एकत्र आल्यापासून काही मिनिटांतच त्याचे मर्म निघून जाते; शेव मऊ पडली की मिसळ संपली. ती खाणाऱ्याच्या समोरच जुळवावी लागते. रश्श्याची चवही पातेल्यावर आणि पातेल्यापाशी उभ्या असलेल्या हातावर अवलंबून असते. पातेले दुप्पट केले म्हणून हात दुप्पट होत नाही.

याचे उदाहरण परदेशातही सापडते. इटलीतील नेपल्स शहरी १८७० साली निघालेले दा मिकेले नावाचे पिझ्झाचे दुकान आहे. पिझ्झा हाही मूळचा तेथील गरिबांचा पदार्थ. रस्त्यात उभ्याने खावयाचा. लाकडाच्या जाळावर सुमारे पावणेपाचशे अंश तापलेल्या भट्टीत तो साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. त्या दुकानाने दीर्घ काळ दोनच प्रकारांवर आपला संसार केला: एक मार्गरीटा, दुसरा मारिनारा. दाराशी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावयाची आणि पुकारा होईपर्यंत रस्त्यावर उभे राहावयाचे, ही तेथील रीत. ज्या पदार्थास शिजण्यास दीड मिनिटही लागत नाही त्यासाठी माणसे तास-तास ताटकळतात, हे वरवर पाहता हास्यास्पद आहे. परंतु भट्टीच्या तोंडाशी एका वेळी किती पिझ्झा मावतात आणि ते फिरविणारा किती जणांकडे लक्ष देऊ शकतो, याला मर्यादा आहे. नेपल्सच्या त्या भट्टीवाल्यांच्या कलेस २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे मान मिळाला तो हातास. आणि विस्ताराचे म्हणाल, तर त्या दुकानाच्या शाखा पुढे टोकियो, लंडन येथेही निघाल्या. तरी नेपल्सच्या दारातली गर्दी काही हटली नाही. शाखा काढल्या म्हणजे मूळ दुकानाची रांग विरते, ही समजूत या एका उदाहरणाने तरी खोटी ठरते.

तिसरा मार्ग सर्वांत आधुनिक आणि आमच्या मते सर्वांत निंद्य आहे. तो असा की, रांगेत आपण उभे न राहता दुसऱ्यास धावावयास लावावे. अमेरिकेतील डॉमिनोज या पिझ्झाच्या कंपनीने तीस मिनिटांत पदार्थ घरी पोहोचविण्याची हमी देऊन मोठे नाव कमावले. सेंट लुई येथे त्या कंपनीच्या गाडीने जखमी झालेल्या एका स्त्रीस ज्यूरीने कोट्यवधी डॉलरची भरपाई देवविली. त्यानंतर १९९३ साली कंपनीने आपल्या देशात ती हमी मागे घेतली. आमच्याकडे मात्र तीच हमी पुढेही पुष्कळ वर्षे जाहिरातींतून झळकत राहिली, आणि आता तीस मिनिटेही जास्त वाटू लागून दहा मिनिटांच्या गोष्टी सुरू झाल्या. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर अवजड मालगाड्यांच्या चाकांमधून पाठीवर चौकोनी पेटी घेऊन दुचाकी काढणारा तरुण ज्याने पाहिला आहे, त्यास वेगळे सांगणे नलगे. वाट पाहणे नाहीसे झाले, हा केवळ भास होय. आपल्या दिवाणखान्यातील अर्धा तास त्या तरुणाच्या जिवावर टाकला गेला, एवढेच घडले. स्वतःच्या पायांवर उभे राहून वाट पाहणाऱ्याने निदान आपले ओझे दुसऱ्यावर टाकलेले नसते.

आमच्या घरांतील वडील पिढीचा आक्षेप याहून निराळा असतो, आणि त्यास मान दिला पाहिजे. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्या वेळेपासून पुढे कित्येक वर्षे आमच्या लोकांनी धान्यासाठी, साखरेसाठी, रॉकेलसाठी, दुधासाठी रांगा धरल्या. रांग या शब्दाबरोबर त्या पिढीस टंचाई आणि लाचारी आठवते. जे आम्ही निरुपायाने केले ते तुम्ही हौसेने करता, याची त्यांस चीड येते. परंतु दोन्ही रांगांत भेद आहे. त्या रांगेतून निघून जाणे म्हणजे घरी चूल न पेटणे. या रांगेतून निघून जाणे म्हणजे शेजारच्या दुकानात जाऊन खाणे. जिच्यातून केव्हाही बाहेर पडता येते, ती रांग मनुष्याचा अपमान करू शकत नाही. आणि त्या जुन्या रांगेतही खरा संताप वाट पाहण्याचा नसे. मागल्या दाराने ज्याची पिशवी भरून जाई, त्याचा तो संताप असे.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. रांग न्यायाची आहे ती तिचा क्रम पाळला जाईल तोवरच. आळंदी कुरुळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. दर्शनबारी म्हणजे काय हे या भागातील लोकांस शिकवावे लागत नाही. बारीत सावकार आणि त्याचे कूळ मागेपुढे उभे राहतात, आणि जो आधी आला तो आधी आत जातो. हे तिचे तेज. ज्या ज्या देवस्थानांनी पैसे घेऊन शीघ्रदर्शनाची सोय केली, त्यांनी हे तेज आपल्या हाताने घालविले. देवाच्या दारी जे चुकीचे, ते अन्नाच्या दारी योग्य कसे होईल? अन्नास आपण पूर्णब्रह्म म्हणतो; मग त्याची बारी बाटविणाऱ्यास काय म्हणावे? ओळखीच्या नगरसेवकाचा फोन, मालकाच्या पुतण्याची मैत्री, किंवा “आम्ही फार लांबून आलो आहोत” अशी करुणा भाकून घेतलेला आधीचा क्रम, ही सर्व एकाच जातीची लबाडी आहे. आणि खेदाची गोष्ट ही की, ती करण्यात अशिक्षितांपेक्षा सुशिक्षितच अधिक पटाईत आहेत. रांगेविरुद्ध सर्वांत मोठा गळा काढणारे गृहस्थ बहुधा तीच मोडण्याच्या खटपटीत असतात.

दुसरा गुन्हा आत बसलेल्यांचा. याचा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. दुकानात तीस खुर्च्या आहेत आणि प्रत्येक जण वीस मिनिटांत उठतो असे धरा; ताशी नव्वद माणसे खाऊन जातील, आणि नव्वदावा मनुष्य तासाभरात आत येईल. आता प्रत्येकाने रिकाम्या बशीपुढे केवळ दहा मिनिटे अधिक गप्पा मारल्या, तर ताशी साठच माणसे होतील, आणि त्याच मनुष्यास दीड तास उभे राहावे लागेल. दहा मिनिटांच्या गप्पांनी बाहेरच्याचा अर्धा तास गेला! आणि तो बाहेरचा कोण? कदाचित ज्याच्या मुलाने सकाळपासून काही खाल्लेले नाही असा. इराणी हॉटेलांतील नियमांच्या लांबलचक पाट्यांस आणि “काम झाल्यावर बसू नये” असे बजावणाऱ्या पुणेरी पाट्यांस आपण आजवर यथेच्छ हसलो. त्यांची भाषा उद्धट असेल. परंतु पाटी जो पक्ष घेते तो दारात उभ्या असलेल्याचा असतो. त्याची बाजू मांडणारे दुकानात दुसरे कोणी नसते.

मालकांसही आम्ही मोकळे सोडीत नाही. गिऱ्हाईक उभे राहण्यास तयार आहे म्हणून त्यास कसेही उभे करावे, हा अधिकार कोणास मिळालेला नाही. दारापुढे सावली असावी. वृद्धांसाठी व लहान मुलांच्या आयांसाठी एक बाक असावे. पिण्याचे पाणी असावे. नावे लिहिण्याची वही सर्वांस दिसेल अशी उघडी असावी. आणि पातेल्यात उरले आहे किती, याचा अंदाज घेऊन रांगेतील शेवटच्या माणसास वेळीच सांगावे की, येथून पुढे उभे राहण्यात अर्थ नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तासभर उभे करून “संपले” म्हणणे हा विश्वासघात होय. या गोष्टींस फार पैसा लागत नाही. थोडे अगत्य लागते. ते ज्या दुकानी नाही, त्याच्या वतीने कैफियत देण्यास आम्ही बांधलेले नाही.

राहता राहिला तो वर्ग, ज्याच्यामुळे आजच्या रांगा खरोखर फुगल्या आहेत. दादरच्या आस्वाद उपाहारगृहातील मिसळीस २०१५ साली लंडनच्या एका खाद्यसंस्थेने जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविले. गौरव आनंदाचाच, परंतु शेजारच्या घरात जे वर्षानुवर्षे रांधले जात होते त्याची चव लंडनहून निरोप आल्यावर ज्यांना कळली, त्यांच्या जिभेविषयी काय बोलावे? सोनाराने कान टोचावे हे आम्हांस मान्य. सोनार साता समुद्रापलीकडचाच हवा, हे अमान्य. आज माणसे भूक लागली म्हणून रांगेत येत नाहीत. आपण तेथे गेलो होतो हे चारचौघांस सांगता यावे म्हणून येतात. बशी आली की प्रथम मोबाइल पुढे होतो, मग चमचा. अशा गिऱ्हाइकाने ज्याची जागा अडविली तो बहुधा त्याच गल्लीतील एखादा म्हातारा असतो, जो चाळीस वर्षे तेथेच चहा घेत आला आणि आता गर्दीस भिऊन घरीच बसतो. दुकान जुने झाले ते त्याच्यामुळे. कीर्ती वाढली तेव्हा पहिला बाहेर पडला तोही तोच.

याचा कुरुळीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. या औद्योगिक पट्ट्यात मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसे पोटासाठी येऊन राहिली आहेत. येथे वसाहती नव्या, रस्ते नवे, दुकाने नवी. ज्यास “आमचे जुने दुकान” म्हणावे असे फारसे काही नाही. परंतु १८७० साली दा मिकेलेही नवेच होते. कोणतेही दुकान स्वतःच्या बळावर जुने होत नाही. शेजारी त्यास जुने करतात. फाट्यावर पहाटे पातेले चढवून रात्रपाळी सुटणाऱ्या कामगारांस गरम मिसळ घालणारा मनुष्य आज आहे. त्याच्या रश्श्याला चव आहे की नाही, हे ठरविण्यास लंडनची संस्था येणार नाही. ते त्याच्या शेजाऱ्यांनीच चाखून ठरवावयाचे. परंतु पिकते तेथे विकत नाही, ही आमची जुनी खोड. त्याच्या दुकानावरून मोटार पुढे नेऊन आपण तीस किलोमीटरवरच्या कीर्तीच्या रांगेत जाऊन उभे राहतो, आणि परत येताना रांगेस शिव्या देतो.

ज्याला त्या पेठेतल्या चवीची खरी ओढ आहे, त्याने अवश्य जावे, आपला क्रम येईपर्यंत उभे राहावे, पोटभर खावे आणि बशी रिकामी होताच उठावे. त्याची रांग सार्थ आहे. ज्याला केवळ नावाची ओढ आहे, त्याने दुसऱ्याची जागा अडवू नये. त्याने आपल्या फाट्यावरच्या पातेल्यापाशी जावे, आवडले नाही तर तसे स्पष्ट सांगावे, आवडले तर पुढच्या गुरुवारी पुन्हा जावे. असे वीस-पंचवीस वर्षे शेजाऱ्यांनी केले, म्हणजे कुरुळीच्या एखाद्या दारापुढेही माणसे वाट पाहत उभी राहतील. त्या वेळी पुण्याहून आलेल्या पाहुण्याने कुरकुर केलीच, तर त्यास वहीत नाव लिहावयास सांगावे आणि सावलीतले बाक दाखवावे.